मोजाईची ओटी

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याला एक देव हवा होता. तो आणि त्याचे चार सवंगडी दर रविवारी दुपारी आमच्या खोलीत जमतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि पात्राचं पुढे काय व्हायचं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. खाली ताईकडे माणसं जास्त आणि जागा कमी. माझी रविवारी बहुतेक नाइट असते, म्हणून दुपारी मी घरी. चहा करता करता ऐकायला लागले, मग मध्ये बोलायला लागले, आणि शेवटी गोष्टीतलं शहर मीच रचून दिलं. शहराचं नाव साडेसात बेटं. सात बेटं कायम पाण्याबाहेर असतात. अर्धं बेट फक्त सुकतीला वर येतं आणि भरतीला बुडतं. त्याचं नाव ओसर.

सात बेटं कुठून आली हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. आम्ही राहतो ती चाळ यांतल्या परळ बेटावरची. अर्धं बेट मात्र हाजी अलीच्या वाटेवरून आलं. लहानपणी बाबा आम्हाला तिकडे न्यायचे आणि निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे. तिथीला पाऊणने गुणलं की पाणी किती वाजता भरणार ते कळतं, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाण्याने वाट धरायच्या आत आम्ही रस्त्यावर परत. एकदा उशीर झाला होता. मागे वळून पाहिलं तर आत्ता ज्या दगडांवरून चालत आलो त्यांच्यावरून लाट जात होती, आणि बाबा आम्हा तिघा भावंडांच्या डोक्यावर एकेक टपली मारून मोजत होते. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन.

सात बेटांचे सात देव मुलांनी अर्ध्या तासात तयार केले. मिठाचा, जाळ्याचा, भट्टीचा, वाऱ्याचा असे. चांगले आहेत, खेळात कामाला येतात. राखणदार मात्र त्यांना जमेना. भाच्याने वहीत काढला होता त्याला सहा हात होते, प्रत्येक हातात वेगळं शस्त्र आणि कपाळातून वीज. चित्र सुरेख होतं. मी त्याला विचारलं, रात्री हा करतो काय? तो म्हणाला, शत्रूला मारतो. आणि शत्रू नसेल त्या रात्री? त्यावर पाचही जण गप्प बसले.

राखणदार म्हणजे काय ते मला गावाकडून ठाऊक आहे. बाबांचं गाव कणकवली तालुक्यात. तिथे गावाला राखणदार असतो आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाशी बोलतो, वाक्य संपलं की जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी लहान असताना त्या गाऱ्हाण्यातली एक गोष्ट कानात राहिली. गावात हजर असलेल्यांइतकंच गाव सोडून गेलेल्यांसाठीही मागणं असतं. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली लेकरं, जिथे असतील तिथे त्यांना सांभाळ रे म्हाराजा. म्हणजे कोण शिवेच्या आत आहे आणि कोण बाहेर, हे त्या देवाला माहीत असणार, निदान माहीत असावं अशी गावाची अपेक्षा. माझ्या लेखी राखणेची सुरुवात तिथे होते. वार नंतर. आधी मोजदाद.

म्हणून आमच्या राखणदारिणीचं नाव मोजाई. जाखाई, जोखाई, काळकाई, वाघजाई, झोलाई, अशा आपल्या देवींच्या रांगेत ती मागच्या बाजूला गुपचूप उभी राहिली तरी कोणी हटकणार नाही.

मोजाई ओसर बेटावर मांडी घालून बसलेली आहे. काळ्या दगडाची, माणसाएवढी, हातात काही नाही. दोन्ही हातांनी पदराचा खोळ धरलेला. शहरातल्या प्रत्येकाकडे स्वतःची एक कवडी असते, ती बारशाला मिळते. समुद्रावर किंवा पलीकडच्या मुलखात जाताना माणूस ओसरवरून जातो आणि आपली कवडी तिच्या ओटीत टाकतो. परत आला की काढून घेतो. जाताना ‘येते गे आई’ म्हणायचं. ‘जाते’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारायचा नाही. हे मला शोधून काढावं लागलं नाही, आपण सगळे घरातून निघताना हेच म्हणतो. परतल्यावर म्हणायचं ‘मोज’. एवढाच तिचा मंत्र.

शहराला एक दार आहे. समुद्राकडचं, सागवानी, आडवी आगळ असलेलं. उधाणाच्या रात्री ते लावलं नाही तर पाणी आत शिरतं. आणि मोजाईच्या ओटीत एक जरी कवडी असली तरी ती आगळ सरकत नाही. दहा माणसांनी खांदा लावला तरी नाही. आपल्याकडे देवीची ओटी भरतात. मोजाईची ओटी रिकामी व्हावी म्हणून नवस बोलतात.

हे सुचलं तेव्हा मी रात्री दीड वाजता कामावर होते आणि मला क्षणभर बसावंच लागलं. कारण आम्हा लोकांच्या तोंडी ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. ‘ओटीत आहे’, ‘ओटी लागली’, ‘ओटी सुटली’. बावीस वर्षं मी हा शब्द रोज पन्नास वेळा उच्चारते आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की माझं कामही ओटी रिकामी करायचं आहे.

ज्यांनी थिएटर आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटाचं ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी सिस्टर, एक हात धुऊन टेबलाशी उभी असलेली आणि एक बाहेरची, सगळं मोजतो. सुया, हत्यारं, गॉज, मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायची मोठी कापडं. मोठ्याने मोजतो, दोघींनी एकदम, आणि बाहेरची फळ्यावर लिहिते. मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. गठ्ठ्यात पाचच आहेत असं धरून चालायचं नाही, सोडून मोजायचे. मध्ये नवीन गठ्ठा घेतला की त्याची भर. पोट शिवायला घेण्याआधी पुन्हा मोजणी, कातडी शिवण्याआधी पुन्हा. मॉपला एक नाडी असते, तिला चिमटा लावून बाहेर लोंबता ठेवतात. आणि कापडात एक धागा असतो, तो एक्स-रेत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी काढली तिच्यातही शेवटी हे आहे, पेशंट थिएटरबाहेर जायच्या आत मोजणी पुरी झाली असं तोंडाने सांगायचं. सर विचारतात, ‘सिस्टर, काउंट?’ आपण म्हणतो, ‘काउंट करेक्ट, सर.’ मग दार लागतं.

एका रात्री माझा एक मॉप कमी भरला. वीस घेतले होते, एकोणीस सापडले. इस्पितळ कुठलं ते महत्त्वाचं नाही, त्या वेळी मी नवी होते, चौथं वर्ष. बाई तीन तास टेबलावर होत्या, भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. सर म्हणाले, पोटात काही नाही, मी बघितलंय, तुमची मोजायची चूक असेल. असू शकत होती. मी रात्रभर जागी होते, त्याआधीही दोन केस झाल्या होत्या. पण मला ‘करेक्ट’ म्हणता येईना. तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. मी म्हटलं, सर, एक कमी आहे. ते म्हणाले, सिस्टर, मी बंद करतोय. मी पुन्हा तेच म्हटलं, एक कमी आहे. बादल्या पालथ्या केल्या, चादरी झटकल्या, बाहेरची सिस्टर टेबलाखाली गुडघ्यावर. पोर्टेबल एक्स-रे मागवला. तो यायच्या आत मॉप सापडला, दुसऱ्या एका मॉपला रक्ताने चिकटून एकजीव झाला होता, बादलीत आम्ही दोघींनी तो दोनदा एक म्हणून मोजला होता. म्हणजे पोटात खरोखर काही नव्हतं. सरांचं बरोबर होतं. चाळीस मिनिटं गेली होती.

त्या रात्री मला कोणी काही बोललं नाही. पुढच्या केसला सर हात धुऊन आत आले आणि टाक्याला हात लावण्याआधी माझ्याकडे बघून थांबले. मी काही म्हणायची वाट बघत होते ते. त्यानंतर आमच्या युनिटमध्ये हे कायमचं झालं.

मोजाईला म्हणून मी कुठलीच ताकद दिली नाही. भाचा भांडला. निदान वादळ थोपवू दे, निदान बुडणाऱ्याला हात देऊ दे. नाही. ती फक्त ‘करेक्ट’ म्हणत नाही. तिच्या हातात तेवढंच आहे. शहरातल्या शहाण्या माणसांना ते परवडत नाही, कारण एका माणसापायी दार उघडं राहिलं तर शंभर घरांत पाणी जातं. म्हणून त्यांनी उणेकरी नेमला. हा पुजारी उधाणाच्या दिवशी बेपत्ता माणसाच्या घरी येतो आणि घरच्याला ओसरवर नेतो. घरच्या माणसाने त्या माणसाचं नाव घ्यायचं, ‘उणा’ म्हणायचं आणि स्वतःच्या हाताने ती कवडी ओटीतून काढायची. मग आगळ सरकते. उणेकरी दुष्ट नाही, हे मी मुलांना परत परत सांगते. त्याच्या खांद्यावर शंभर घरं आहेत. खेळात तो आला की मी त्याला हळू आवाजात बोलायला लावते.

हा उणेकरी माझ्या आजीच्या घरातून आला. आजी, म्हणजे आईची आई, रेवसकडची. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि वाटेत उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. नेमकी किती, याचे आकडे ठिकठिकाणी वेगवेगळे वाचायला मिळतात. सणासाठी घरी निघालेली माणसं ती, बहुतेक मुंबईत नोकरीधंदा करणारी. रेवसकडच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून बुडणारी माणसं वर घेतली, असं आमच्या घरी सांगतात. आजीचा थोरला भाऊ लालबागच्या गिरणीत होता. तो सणाला येणार होता. त्या बोटीत चढला की नाही, तिकीट काढलं की नाही, कोणी पाहिलं नाही. कुठल्या यादीत त्याचं नाव आलं नाही आणि तो पुढे कधी आलाही नाही.

दिवस करा, असं भावकीने सांगितलं. पणजीने केले नाहीत. ती जाईपर्यंत त्या घराच्या मागच्या दाराला रात्री कडी नसायची, दार नुसतं लोटलेलं असायचं. आजी सांगायची, पावसाळ्यात त्या दारातून पाणी यायचं, एकदा साप आला, तरी कडी नाही. धाकट्या जावा रागवायच्या, त्यांचीही पोरं खाली निजलेली असायची. आजी हे सांगताना कोणाचीच बाजू घेत नसे. मी लहान होते तेव्हा मला पणजीचंच खरं वाटायचं. आता त्या जावांचंही वाटतं.

मुलांनी मला एका बाबतीत मागे टाकलं ते लिहायलाच हवं. त्यांच्यातली एकच मुलगी आहे, समोरच्या बिल्डिंगमधली, तिचे आईबाबा चार वर्षांपूर्वी नांदेडहून आले. तिने विचारलं, मावशी, जे बाहेरून पहिल्यांदाच येतात त्यांचं काय? त्यांची कवडीच नाही. मला उत्तर आलं नाही. माझ्या अख्ख्या रचनेत आतला बाहेर जातो आणि परत येतो, एवढंच होतं. या शहरात राहून मी हे विसरले! पुढच्या रविवारपर्यंत विचार करून तिनेच तोड काढली. मोजाईच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे. नवखा माणूस ओसरवर आला की ती माळेतली एक कवडी त्याला देते. कोणी शहरात आपल्या अंथरुणावर मेलं तर त्याची कवडी माळेत परत जाते. पण येणारे मरणाऱ्यांहून जास्त, म्हणून माळ आखूड होत चाललीय. संपली की काय? ती म्हणाली, ते मला माहितीय, पण आत्ता नाही सांगणार.

तर गेला महिना खेळ असा चालला. शहरात तापाची साथ. औषध पलीकडच्या मुलखात. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारा मुलगा, तो खेळात तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या आहे, तो निघाला. आम्ही खऱ्या कवड्या वापरतो. भुलेश्वरला पूजेच्या सामानाच्या दुकानातून मी पंचवीस आणल्या होत्या. त्याने आपली कवडी माझ्या स्टीलच्या वाटीत टाकली, ‘येतो गे आई’ म्हणाला आणि फासा टाकला. दोन पडला. वीसमधला दोन.

उधाणाची रात्र आली तरी वाटीत ती कवडी. खेळात त्याची बहीण म्हणजे ती नांदेडची मुलगी. उणेकरी तिच्या दारात आला. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, बाई, भरती चढतेय, शंभर घरं आहेत. ती म्हणाली, नाही म्हणणार. भाच्याने पाणी चढवायला सुरुवात केली. पहिली पायरी. दुसरी पायरी. मिठाच्या देवाचं कोठार गेलं. तळमजल्यावरचा मुलगा खेळातून बाहेर होता, भिंतीला टेकून नुसता बघत होता. मला वाटलं, आता बाकीचे तिच्यावर चिडतील. एक जण चिडलाही. पण मग दुसरा म्हणाला, दार लागत नाही ना, मग दारात उभं राहू. त्यांनी म्हाताऱ्यांना वरच्या माळ्यावर नेलं, जाळ्याच्या देवाकडून सगळी जुनी जाळी मागून त्यांत दगड भरले, आणि दाराच्या उंबऱ्यावर ती रचत बसले. प्रत्येक जाळ्याला एक फासा. दोन तास. बाहेर अंधार पडला, माझी ड्यूटीची वेळ होत आली, मी साडी नेसून तयार होऊन पुन्हा येऊन बसले. सकाळ झाली तेव्हा शहरात गुडघाभर पाणी होतं, आगळ जागेवर नव्हती आणि एकही माणूस कमी झाला नव्हता. वाटीतली ती एक कवडी सोडून.

मी पसारा आवरला. फासे डब्यात टाकले, कवड्या मोजल्या. चोवीस. खाटेखाली बघितलं, सतरंजी झटकली, उंबऱ्याशी चपला पडल्या होत्या त्यांत हात घालून पाहिला. लोकल पकडायची होती पण पाय निघेना. तेवढ्यात तळमजल्यावरून फोन.

“मावशी, कवडी माझ्याकडे आहे.”

“अरे, मग दे आणून, मी शोधतेय.”

“नाही देणार. उणेकऱ्याने परत मागितली तर? तो यायचाय अजून.”

मी बरं म्हटलं. खेळाच्या वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं, चोवीस आत, एक बाहेर. मग कुलूप लावून निघाले. जिन्यात तो उभा होता, मूठ मिटलेली. मी म्हटलं, येते रे.